बाबा नाहीत, तरी नाताळ येणार का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मार्चमध्ये पती अचानक गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला नाताळ. मंडळीत जो तो "आनंद करा, प्रभू जन्मला" म्हणतो आणि ते ऐकलं की तुम्हाला उठून घरी निघून जावंसं वाटतं. त्यात पहिलीतली मुलगी विचारते, "बाबा नाहीत, तरी नाताळ येणार का?" आणि शेवटी तुम्ही विचारलंय की नाताळाच्या ख्रिस्ती अर्थात माझ्यासारखीला खरोखर काही आशा आहे, की ती सुखी घरांसाठी रचलेली गाणी आहेत.

मी गेली २६ वर्षं पाळक आहे. त्यातली बरीच वर्षं रुग्णालयात, आजाऱ्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या उशापायथ्याशी बसण्यात गेली. माझ्या कामात डिसेंबर हा सगळ्यात जड महिना असतो. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो आणि मग बाकीच्याकडे वळतो. आनंद वाटत नाही म्हणजे आपला विश्वास कमी पडला, हे मनातून काढून टाका. नऊ महिन्यांपूर्वी ज्या घरातून माणूस उठून गेला, त्या घराने डिसेंबरात हसलंच पाहिजे असं पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. पाळक होऊन दोनच वर्षं झाली होती. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मला एका रुग्णालयात बोलावणं आलं. एका बाईचं चार दिवसांचं बाळ दुपारी गेलं होतं. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी बाळाची लोकरीची टोपी होती, पिवळी, आणि ती एका हाताने त्या टोपीची कड सारखी सरळ करत होती. मी उभ्या उभ्या देवाच्या इच्छेबद्दल बोललो, मग आज रात्री जन्मलेल्या तारणाऱ्याबद्दल बोललो. ती मान न वळवता म्हणाली, "पाळकसाहेब, तुमच्या त्या बाळाची आई निदान आज रात्री बाळाला जवळ घेऊन निजेल."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रार्थनासुद्धा नीट झाली नाही. त्या रात्रीची उपासना मी घेतली, पण संदेश कसा दिला ते आठवत नाही. मात्र त्यानंतर मी ख्रिस्तजन्माचे ते अध्याय नव्याने वाचायला घेतले, अगदी त्या बाईशेजारी बसून वाचावेत तसे. तेव्हा जे दिसलं तेच तुम्हाला सांगावंसं वाटतं.

बेथलेहेमापासून सुरुवात करू. आपल्या डोळ्यांपुढे हे नाव आलं की तारा येतो, मेंढपाळ येतात. पण बायबलात हे नाव पहिल्यांदा कुठे येतं? उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात, एका कबरीच्या संदर्भात. याकोब कुटुंबकबिल्यासह प्रवासात आहे. वाटेतच त्याच्या बायकोला, राहेलला कळा सुरू होतात, बाळंतपण अडतं. सुईण तिला म्हणते, "भिऊ नको, तुला हाही मुलगाच होतोय." मुलगा होतो आणि राहेल जाते. जीव जाता जाता ती त्याचं नाव ठेवते बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. (बापाने ते बदलून बन्यामीन केलं.) एफ्राथाच्या, म्हणजेच बेथलेहेमाच्या वाटेवर तिला पुरतात आणि याकोब तिच्या कबरीवर स्तंभ उभा करतो.

त्या सुईणीचे शब्द पुन्हा बघा. "भिऊ नको, मुलगाच होतोय." शेकडो वर्षांनी त्याच परिसरात, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूत काय म्हणतो? भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. पहिल्या वेळी हे शब्द बोलणाऱ्या बाईच्या हाती राहेलला वाचवण्यासारखं काही नव्हतं. ती फक्त तिच्याजवळ होती. माझं बरंचसं आयुष्य त्या सुईणीसारखं गेलंय, म्हणून मला ती फार जवळची वाटते.

बेथलेहेमाची दुसरी मोठी गोष्ट रूथच्या पुस्तकात आहे, आणि ती तर थेट विधवांचीच गोष्ट आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर. त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडतो आणि अलीमलेख बायको-मुलांना घेऊन मवाब देशात जातो. तिथे तो मरतो, पुढे दोन्ही मुलं मरतात. नामी परत येते तेव्हा सोबत फक्त एक विधवा सून असते, रूथ. गावच्या बायका विचारतात, "ही नामीच का?" ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं.

ताई, हे वाक्य ती देवाच्या नावाने, भर गावात, सगळ्यांसमक्ष बोलते. आणि चार अध्यायांच्या त्या पुस्तकात कोणीही तिला दटावत नाही. कोणी म्हणत नाही की असं बोलू नये, देवाला वाईट वाटेल. मी इतकी वर्षं लोकांना हे दाखवत आलोय, कारण शोकात असलेल्या माणसाला मंडळीतली भली माणसंच सगळ्यात आधी गप्प करतात. नामीचं कडूपण पवित्र शास्त्राने जसंच्या तसं ठेवलंय.

पुढे रूथ बवाजाशी लग्न करते, मुलगा होतो, ओबेद. नामी त्याला उराशी धरते. तो दावीद राजाचा आजोबा. गेलेल्या तिघांची जागा त्याने भरून काढली असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. माणसं बदली येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण जी बाई रिकामी होऊन वेशीतून आत आली, तिच्याच मांडीवरून ती वंशावळ पुढे सरकली, जिच्या टोकाला गव्हाणीतलं बाळ आहे.

म्हणजे तो तारा उगवण्याच्या कितीतरी आधीपासून बेथलेहेम शोक करणाऱ्यांचं गाव होतं. आणि तारा उगवल्यावरही ते तसंच राहिलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, भेटी देऊन जातात आणि लगेच हेरोद राजाचे शिपाई येतात. योसेफ, मरीया आणि बाळ रातोरात मिसर देशाकडे निघतात, निर्वासित म्हणून. मागे बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारली जातात. इथे मत्तय यिर्मया संदेष्ट्याचं वचन आठवतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, आणि ती नाहीत म्हणून सांत्वन पावत नाही.

त्या वाटेवरच्या कबरीतली राहेल. मत्तयाने तिला नाताळाच्या गोष्टीत परत आणलं आणि रडू दिलं. त्याने पुढे "पण" लावून तिचं सांत्वन उरकून टाकलं नाही. रुग्णालयातल्या त्या बाईचं वाक्य मी हा अध्याय वाचताना दरवर्षी ऐकतो. त्या रात्री तिच्यासारख्या आयांना शास्त्रात जागा आहे हे तिला सांगण्याएवढं मला तेव्हा माहीत असतं, तर मी एवढा वेळ उभा राहून बोललो नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न: यात आशा कुठे आहे?

मत्तयाने यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातली एकच ओळ घेतली आहे. मूळ अध्यायात त्याच्या लगेच पुढे परमेश्वर राहेलला म्हणतो की तुझ्या पुढच्या काळासाठी आशा आहे, मुलं परत येतील. ज्यांना ते वचन पाठ होतं त्यांना ती पुढची ओळ आपसूक आठवली असणार. तिथे आशेसाठी हिब्रू शब्द आहे 'तिक्वा'. या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, दोर. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो शहरातली राहाब आपल्या खिडकीला किरमिजी रंगाचा दोर बांधते, तिथे दोरासाठी हाच शब्द आलाय. शहर पडणार हे तिला ठाऊक होतं. कोणत्या दिवशी, किती वेळाने, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याकडे एक दिलेला शब्द होता आणि खिडकीला बांधलेला दोर. आणि ही राहाब कोण? मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशावळीत ती बवाजाची आई आहे. म्हणजे नामीच्या मांडीवरच्या त्या ओबेदाची आजी.

मला आशेचा हा अर्थ फार पटतो. सगळं ठीक होईल, दिवस जातील तसं बरं वाटेल, हा एक अंदाज असतो. तो कधी खरा ठरतो, कधी खोटा ठरतो. दोराचं तसं नाही. दोराचं एक टोक तुमच्या हातात असतं आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी असावं लागतं. तुमची पकड आज ढिली आहे की घट्ट, यापेक्षा पलीकडे कोण उभं आहे याला महत्त्व आहे. ख्रिस्ती माणूस नाताळाच्या दिवशी जे सांगतो ते नेमकं त्या पलीकडच्या टोकाबद्दल असतं.

ते काय सांगतो? योहान ते एका वाक्यात लिहितो: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापद तंबूवरून आलेलं आहे, म्हणजे त्याने आमच्यात आपला तंबू ठोकला. दुःखात सापडलेल्या माणसांसाठी देवाने वरून खुलासा पाठवला नाही. तो स्वतः राहायला आला. ज्या मुक्कामी पाणी नाही, रात्री थंडी आहे, माणसं मरतात, त्याच मुक्कामी त्याचा तंबू. चौथ्या शतकातले धर्मपिता नाझियान्झसचे ग्रेगरी यांचं एक सूत्र आहे: जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरं झालं नाही. ते त्यांनी ख्रिस्ताच्या मनुष्यपणाबद्दलच्या वादात लिहिलं होतं, पण मी ते आजाऱ्यांच्या खोलीत वापरतो. त्याने शरीर घेतलं, भूक घेतली, थकवा घेतला, मित्राच्या कबरीपाशी रडणं घेतलं. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पुढे चांगलं होणार आहे म्हणून आत्ताचं रडणं खोटं ठरत नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

गव्हाणीकडे एकदा जवळून बघा. लूक लिहितो की मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. इथे जो ग्रीक शब्द आहे तो घरातल्या पाहुण्यांच्या खोलीसाठीही चालतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लूक धर्मशाळेसाठी वेगळाच शब्द वापरतो, आणि जिथे शेवटचं भोजन झालं त्या खोलीसाठी मात्र हाच. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की हे एखादं माणसांनी भरलेलं साधं घर असावं आणि बाळाला जिथे जागा मिळाली तिथे, जनावरांच्या वैरणीच्या कुंडात, ठेवलं असावं. दार लावून घेणारा तो निर्दयी मालक लूकमध्ये नाहीच. लूकला महत्त्वाची वाटते ती गव्हाण. थोडक्या ओळींत तो तिचा तीनदा उल्लेख करतो, आणि देवदूत मेंढपाळांना तीच खूण म्हणून देतो: बाळंत्याने गुंडाळलेलं, गव्हाणीत निजवलेलं बाळ.

आता हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्याच शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात या. अरिमथाईचा योसेफ वधस्तंभावरून शरीर खाली काढतो, तागाच्या वस्त्रात गुंडाळतो आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवतो. सुरुवातीला गुंडाळून ठेवलेलं बाळ, शेवटी गुंडाळून ठेवलेला देह. मी त्या बाईला तेव्हा सांगू शकलो नाही ते हेच. मरीयेने त्या रात्री बाळाला जवळ घेतलं हे खरं, पण तिलाही पुढे मुलगा मातीला द्यावा लागला.

आणि तिसऱ्या दिवशी त्या कबरेत फक्त वस्त्रं राहिली. हे सोडून नाताळाबद्दल बोलणं मला जमत नाही. पुनरुत्थान बाजूला ठेवलं, तर गव्हाणीतलं बाळ हे एक हळवं चित्र उरतं आणि तुमच्यासाठी त्यात काही नाही, हे मी मान्य करतो. पण तो उठला असेल, तर दोराचं पलीकडचं टोक मृत्यूच्या पार बांधलेलं आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तुम्ही शोक करू नये. हे वाक्य लोक अर्धवट ऐकतात आणि शोकच करू नका असा त्याचा अर्थ लावतात. पौलाने शोक गृहीत धरलाय. आपला शोक आशेसह असतो, एवढंच त्याचं म्हणणं. दोन्ही एकाच छातीत, एकाच वेळी.

तुम्हाला आणखी एका बाईची ओळख करून द्यायची आहे. नाताळाच्या नाटकांत तिला भूमिका मिळत नाही, पण लूकने तिच्यासाठी तीन ओव्या राखून ठेवल्या आहेत. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर मरीया-योसेफ त्याला यरुशलेमच्या मंदिरात आणतात. गरिबांनी द्यायचं अर्पण देतात: होल्यांचं एक जोडपं किंवा पारव्याची दोन पिल्लं. तिथे म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो, देवाचा धन्यवाद करतो आणि त्याच दमात आईला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. तेवढ्यात हन्ना तिथे येते. फनूएलाची मुलगी, आशेर वंशातली, फार म्हातारी. आणि मग लूक एक तपशील देतो: लग्नानंतर ती नवऱ्याजवळ सात वर्षं राहिली होती.

सात वर्षं. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, किंवा विधवापणाचीच चौऱ्याऐंशी वर्षं झाली आहेत. त्या ग्रीक वाक्याचा दोन्ही प्रकारे अर्थ लागतो. कसंही धरलं तरी नवरा जाऊन आयुष्य उलटलंय. आणि तरी शुभवर्तमानात ती सात वर्षं मोजून लिहिलेली आहेत. कोणीतरी लक्षात ठेवली होती. बहुधा तिनेच सांगितली असतील. ती पुढे सरकली, विसरली, नव्याने उभी राहिली, असं लूक लिहीत नाही. ती मंदिरात येत राहिली, प्रार्थना करत राहिली, आणि ते बाळ समोर आलं तेव्हा तिने ओळखलं. यरुशलेमात त्या बाळाविषयी वाट पाहणाऱ्यांना सांगणारी ही विधवा होती. तुम्ही लिहिलंय की नाताळात तुम्हाला उपरं वाटतं. ताई, त्या मंदिरात हन्ना तुमच्यासारखीच उभी होती.

आता थोडं व्यवहाराचं बोलू, कारण २५ तारीख काही दिवसांवर आहे.

पंचांग तुमच्या बाजूने वापरा. येशूची जन्मतारीख बायबलात नाही. २५ डिसेंबरला जन्मोत्सव पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची. आर्मेनियन मंडळी आजही तो ६ जानेवारीला पाळते. हे सांगतोय ते वादासाठी नाही. मंडळीच्या जुन्या परंपरेत नाताळ हा एक दिवस नसून बारा दिवसांचा काळ आहे. २५ तारखेच्या गर्दीत तुम्हाला जायला झेपलं नाही तर नाताळ हुकला असं होत नाही. २६ तारीख पहिला रक्तसाक्षी स्तेफन याच्या स्मरणाची आहे, २८ तारीख बेथलेहेमातल्या मारल्या गेलेल्या निष्पाप बालकांची. ज्यांनी ही आखणी केली त्यांनी पाळण्याच्या इतक्या जवळ शोक ठेवला, त्यांना जीवन माहीत होतं. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना घेतात. तुमच्या जवळपास असेल तर चौकशी करा. नसेल तर पाळकांना म्हणा, घ्या. तुम्ही एकट्याच याल असं समजू नका.

टोपीची कड सरळ करणारी ती बाई पुढच्या वर्षी २८ तारखेला आमच्या उपासनेला आली. दाराजवळच्या बाकावर बसली. मत्तयाचा दुसरा अध्याय वाचून होईपर्यंत ती बसून होती, राहेलचं वचन आलं तेव्हा उभी राहिली आणि शेवटपर्यंत उभीच होती. जाताना एवढंच म्हणाली, "हे दरवर्षी वाचत जा." मी वाचतो.

तुम्हीही दाराजवळ बसा. गायनाच्या वेळी आवाज फुटला नाही तर गाऊ नका. तेवढ्यापुरतं बाकीच्यांनी तुमच्यासाठी गायचं, मंडळी असते ती याचसाठी. एका विश्वासू मैत्रिणीला आधी सांगून ठेवा की मी मध्येच उठले तर मुलीकडे बघ, माझ्या मागे येऊ नको. किंवा ये. जे हवं ते स्पष्ट सांगा, लोकांना मनातलं ओळखता येत नाही. घरी प्रार्थना होत नसेल तर स्तोत्र १३ वाचा, "हे परमेश्वरा, कुठवर?" या प्रश्नाने ते सुरू होतं. तेही जड वाटलं तर ८८ वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

आगमनकाळाबद्दलही एक सांगायचं आहे. नाताळाआधीचे ते चार रविवार मुळात उत्सवाचे नाहीतच, वाट पाहण्याचे आहेत. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये पकडलं. त्या नोव्हेंबरात त्यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्राला लिहिलं की तुरुंगाची कोठडी आगमनकाळाशी चांगली जुळते: माणूस वाट पाहतो, आशा धरतो, काहीबाही करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडता येतं. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली. ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यात निराशा वाटली होती. आता वाटत नाही. आतून ढकलून ढकलून खांदा सोलवटलेल्या माणसाला, हे दार तुला उघडायचं नाहीये, हे ऐकण्यात केवढी सुटका आहे! स्वतःला बरं वाटवून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

हे मात्र वेगळं ठेवा. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, अन्न जात नसेल, आपणही जावं असे विचार येत असतील, तर आजच डॉक्टरांना भेटा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. हा विश्वासाचा प्रश्न नाही. एलिया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं नंतर झालं.

आणि मुलीचा प्रश्न. लहान मुलं शोक तुकड्या-तुकड्यांनी करतात. आत्ता रडेल, पाच मिनिटांनी खेळायला जाईल, रात्री पुन्हा विचारेल. तिच्या खेळण्याचा राग मानू नका आणि तिच्यासमोर रडायची भीतीही बाळगू नका. "बाबा देवाला हवे होते" असं सांगू नका. मुलं ते शब्दशः घेतात आणि मग त्यांना देवाची धास्ती वाटते. बाबांचं नाव घरात घ्या. ते नाताळात काय करायचे, कोणतं गाणं चुकीच्या चालीत म्हणायचे, ते तिला आठवू द्या.

तिने विचारलंय, बाबा नाहीत तरी नाताळ येणार का. तिला हो म्हणा. सांगा की नाताळ आपण आणत नाही, तो येतो. पहिल्यांदा आला तेव्हाही त्या गावात रडणारी माणसं होती. घरात गव्हाणीचा देखावा मांडत असाल तर यंदा बाळ ठेवायचं काम तिच्याकडे द्या, आणि ती कुठे ठेवते ते बघा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने, आजी गेली त्या वर्षी, ते बाळ देखाव्यात ठेवलंच नाही. आजीच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं. घरच्यांनी सहा जानेवारीपर्यंत ते तिथून हलवलं नाही.